अंगठ्यावरचं शिंग

मराठी घरात नखं काढायचा मुहूर्त मिळणं हे लग्नाचा मुहूर्त मिळण्याहून अवघड आहे. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. या दिवशी नखाला हात लावला तर देव रागावतात. शुक्रवारी लक्ष्मी जाते. दिवेलागणीनंतर काढली तर दारिद्र्य येतं, घरात पडली तर भांडणं लागतात, आणि अमावास्येचं तर नावच काढू नये. उरले बुधवार आणि रविवार. बुधवारी ऑफिस असतं. रविवारी मुहूर्त सापडतो तेव्हा नेलकटर सापडत नाही. “नेलकटर कुठंय?” “जागेवर.” “जागा कुठंय?” या तिसऱ्या प्रश्नाला आजवर एकाही घरात उत्तर मिळालेलं नाही. तासाभराच्या शोधाशोधीनंतर सापडतं ते बोथट निघतं. त्याला जोडलेलं बाटलीचं झाकण उघडायचं हत्यार मात्र शाबूत असतं. तोवर आंघोळीचं पाणी निवतं आणि रविवार संपतो. या सगळ्यात हाताच्या नखांची एक सोय आहे, ती दातांनी उरकता येतात. पायाच्या नखांना ही सवलत नाही. ती पुढच्या रविवारवर जातात, तो रविवार त्याच्या पुढच्या रविवारवर जातो, आणि अशा तहकुबीतूनच वैद्यकशास्त्रातल्या एका भारदस्त नावाच्या रोगाला पोषक वातावरण तयार होतं.

त्या रोगाचं नाव ऑनिकोग्रायफोसिस. नाव उच्चारता येईपर्यंत नख आणखी थोडं वाढतं, म्हणून डॉक्टर लोक आपसात त्याला ‘मेंढ्याचं शिंग’ म्हणतात. यात बहुतेक वेळा पायाच्या अंगठ्याचं नख जाड, पिवळट-तपकिरी आणि खडबडीत होतं, लांबत जातं, वळतं आणि कधी शेजारच्या बोटांवर जाऊन टेकतं. नख नुसतंच जाड झालं आणि वळलं नाही, तर त्याला ऑनिकॉक्सिस असं वेगळं नाव आहे. म्हणजे शिंग फुटण्याआधीची पायरी. मुलांना कॉलेजात गेल्यावर शिंगं फुटतात हे आपण ऐकून आहोत. आजोबांना ती अंगठ्याला फुटतात, एवढाच फरक. प्रस्तुत लेखकाचा या विषयातला अधिकार इतकाच की त्याला वीस नखं आहेत, आणि त्यांतली दहा त्याने नीट पाहिलेली आहेत. तेवढ्या भांडवलावर एक विधान करण्याचं धाडस तो करतो आहे: हे शिंग नखाच्या जोरावर जेवढं वाढतं, त्याहून जास्त ‘बघू नंतर’च्या जोरावर वाढतं.

पहिला पुरावा वेगाचा. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं आणि पायाचं त्याच्या निम्म्याने. हाताचं नख मुळापासून टोकापर्यंत नवं यायला सहा महिने लागतात. पायाच्या अंगठ्याचं यायला वर्ष ते दीड वर्ष. म्हणजे अंगठ्याचं नख वर्षभर अजिबात कापलं नाही तरी ते जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर पुढे सरकणार. पाच सेंटिमीटरचं शिंग व्हायला अशी तीन वर्षं तरी हवीत, आणि या तीन वर्षांत तीन दिवाळ्या येतात, तीन अभ्यंगस्नानं होतात, अंगभर उटणं लागतं आणि ते लावताना अंगठा पायालाच असतो. दुसरा पुरावा अमेरिकेतल्या डॉक्टर विल्यम बीन यांचा. या गृहस्थांनी स्वतःच्या एका नखाची वाढ पस्तीस वर्षं मोजली आणि १९८० साली तिचा जमाखर्च एका वैद्यकीय मासिकात छापला. बत्तिसाव्या वर्षी त्यांचं नख रोज ०.१२३ मिलिमीटर वाढत होतं, सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५. या चिकाटीबद्दल २०२५ साली त्यांना मरणोत्तर इग नोबेल मिळालं. हे पारितोषिक आधी हसायला आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामाला देतात. तेव्हा हसून झालं असेल तर विचार करू. वय वाढतं तशी नखाची वाढ मंदावते, आणि शिंगं मात्र सापडतात ती मुख्यतः म्हाताऱ्या माणसांच्या पायांवर. ऐन भरात धावणारं नख कधी शिंगापर्यंत पोचलं नाही आणि रांगायला लागल्यावर पोचलं, याचा अर्थ दोष नखाच्या धावण्यात नाही. मधे आडवं येणारं नेलकटर तेवढं नाहीसं झालेलं आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो गंभीर चेहऱ्याने येतो: “अहो, तो रोग आहे, त्याला हसता काय?” आक्षेप रास्त आहे आणि त्याची वाटणी करून घ्यायला हवी. काही जणांचं बोटच जन्मतः मोठं असतं आणि त्यावरचं नखही त्या मापाचं येतं. याला मॅक्रोनिकिया म्हणतात. पॅकिओनिकिया कन्जेनिटा हा अतिशय दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. नख ज्या केराटिनचं बनतं त्याच्या जनुकांतच बिघाड असल्यामुळे नखं लहानपणापासून जाड येतात आणि तळपाय इतके दुखतात की चालणं कठीण होतं. या लोकांना कोणी आळशी म्हणेल तर त्याचीच नखं तपासावीत. तिसरा प्रकार नखं घड्याळाच्या काचेसारखी फुगीर होऊन बोटांची टोकं जाड होण्याचा. हा बहुधा फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या आजाराचा निरोप असतो, आणि हिप्पोक्रेटिसच्या काळापासून वैद्यांना तो वाचता येतो. लिओ शॅमरॉथ या दक्षिण आफ्रिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञाने स्वतः आजारी असताना स्वतःच्याच बोटांवरून त्याची एक सोपी खूण शोधली: दोन्ही हातांची तीच बोटं नखाला नख लावून धरली की मधे शंकरपाळ्याच्या आकाराची फट दिसते; ती दिसत नसेल तर डॉक्टरांकडे जावं. (वाचकांपैकी निम्म्यांनी आत्ता मासिक खाली ठेवलं आहे. त्यांची वाट पाहू. ज्यांना फट दिसली नाही त्यांनी आधी दिव्याखाली जाऊन पुन्हा पाहावं.) पण या वाटणीतून माझंच म्हणणं पक्कं होतं. हे सगळे आजार कळले, कारण कोणीतरी नखाकडे पाहिलं.

दुसरा आक्षेप असा की साध्या शिंगालाही कारणं असतात. असतात ना. अंगठ्याला वर्षानुवर्षं बसलेल्या ठेचा, चिमटणारे बूट, पायाकडचा मंदावलेला रक्तपुरवठा, सोरायसिस आणि बुरशी. नखांच्या एकूण तक्रारींपैकी जवळपास निम्म्या एकट्या बुरशीच्या खात्यावर जातात. मुळाशी जिथे नख तयार होतं तो भाग दुखावला की एका बाजूने भराभर माल सोडतो आणि दुसऱ्या बाजूने रेंगाळत. मग नख रेंगाळणाऱ्या बाजूकडे वळतं. एवढं सगळं मान्य. पण यातलं काहीही एका रात्रीत घडत नाही. नख पिवळं पडतं, जाड होतं, मोजा फाडतं, मग दुसरा मोजा फाडतं. घरात चर्चा होते ती मोज्यांच्या घसरलेल्या दर्जाची. बूट चावतो म्हणून एक नंबर मोठा बूट येतो, नंतर पुढून उघडी सँडल येते, आणि नख वाढेल तसतसं पादत्राण माघार घेत राहतं. अखेर माणूस डॉक्टरकडे जातो तोही गुडघ्यासाठी. डॉक्टर मोजा काढायला लावतात आणि दोन क्षण काही बोलत नाहीत. “हे केव्हापासून?” “कालपरवापासूनच बघा.” बुरशीवरच्या गोळ्या पायाच्या नखाला सहसा बारा आठवडे घ्याव्या लागतात आणि नख स्वच्छ दिसायला वर्ष उलटतं. रुग्ण दहाव्या दिवशी हजर: “काहीच फरक नाही, डॉक्टर.” पाच वर्षं ज्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, त्या नखाने दहा दिवसांत कामगिरी दाखवावी अशी अपेक्षा असते. फरक दिसत नाही म्हणून गोळ्या बंद होतात, उरलेल्या गोळ्या कपाटात जातात आणि पुढे शेजाऱ्यांच्या नखाला दिल्या जातात.

तिसरा आक्षेप पुण्याहून येतो, त्यामुळे तो जपून हाताळायला हवा. “न कापणं म्हणजे दुर्लक्ष, हे तुम्हाला कोणी सांगितलं? आमच्या चिल्लाळांकडे बघा!” बघू. श्रीधर चिल्लाळ यांनी १९५२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, डाव्या हाताची नखं कापणं थांबवलं. कारण असं सांगतात की त्यांच्या हातून चुकून एका शिक्षकांचं जपून वाढवलेलं लांब नख तुटलं आणि शिक्षकांनी ऐकवलं, अशा गोष्टीला किती जपावं लागतं ते तुला कळायचं नाही. एका वाक्याला उत्तर म्हणून सहासष्ट वर्षं नख वाढवत राहणं, हे पुण्याबाहेर घडणं कठीण. २०१८च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला ती नखं कापली गेली आणि तिथल्याच एका संग्रहालयात ठेवली गेली. पाच नखांची एकूण लांबी ९०९.६ सेंटिमीटर होती, एकट्या अंगठ्याचं नख १९७.८. भागाकार केला तर एका नखाची वाढ महिन्याला सव्वादोन-अडीच मिलिमीटरच्या आसपास येते. म्हणजे तुमच्याआमच्या नखाहून ते तसूभरही तेज नव्हतं! रोग नव्हता, चमत्कार नव्हता, टॉनिक नव्हतं. होती ती निगराणी. झोपताना, वळताना, दारातून जाताना त्या माणसाचं लक्ष नखांवर होतं, आणि त्याची किंमत म्हणून डाव्या हाताची बोटं वळेनाशी झाली. तेव्हा हा आक्षेप माझ्याच बाजूचा साक्षीदार निघाला. लक्ष ठेवून वाढवलेलं नख संग्रहालयात जातं, लक्ष न ठेवता वाढलेलं नख मोज्यात राहतं. वाढ दोन्हीकडे साधीच असते.

आता कोणी म्हणेल की नखाला आपल्याकडे काही प्रतिष्ठाच नाही, म्हणून हे होतं. हेही खरं नाही. नरसिंहाने हिरण्यकशिपूला मारलं ते नखांनी. शिवाजी महाराजांची म्हणून ओळखली जाणारी वाघनखं २०२४च्या जुलैमध्ये लंडनच्या संग्रहालयातून साताऱ्याला आली, तेव्हा ती पाहायला रांगा लागल्या. मर्त्य माणसांतही करंगळीचं नख वाढवणारे सद्गृहस्थ प्रत्येक कचेरीत एक तरी असतात. त्या एका नखाने ते पाकीट फोडतात, चुन्याची डबी उघडतात, कान कोरतात आणि तेच नख फायलीवर ठेवून म्हणतात, “इथे सही राहिली तुमची.” शाळेत तर नखांची रीतसर तपासणी होते. बाई पट्टी घेऊन रांगेतून फिरतात आणि पोरं हात पुढे धरतात. पण नीट पाहिलं तर ही सगळी प्रतिष्ठा मनगटाच्या पुढची आहे. शाळेतल्या तपासणीत बूट कोणी काढायला लावत नाही, आणि दहावीनंतर तर तपासणीच बंद होते. पायाच्या नखाला नेलपॉलिशचा एक अपवाद सोडला तर शाळेत, कचेरीत कुठेही स्थान नाही. माणसाचे डोळे आणि त्याचा अंगठा यांच्यामध्ये निसर्गाने पाच-साडेपाच फुटांचं अंतर ठेवलं आहे आणि पन्नाशीनंतर मध्ये पोटाचा अडसर उभा केला आहे, हेही कारण असेल.

इथे सगळ्यात वजनदार आक्षेप उभा राहतो. म्हातारी माणसं आळशी नसतात; त्यांचा हात पायापर्यंत पोचत नाही. कंबर वाकत नाही, गुडघा दुमडत नाही, चष्मा जवळचा लावला तर नख लांब असतं आणि लांबचा लावला तर नेलकटर दिसत नाही. शिवाय जाड नखापुढे नेलकटरचा जबडाच उघडत नाही. तरीही घरातले आजोबा स्वाभिमानी असल्यामुळे प्रयत्न करतात. नेलकटर वाकतं. मग शिवणाची कात्री येते. तिची धार जाते आणि आजी बोलतात. मग दाढीचं जुनं ब्लेड निघतं. ब्लेड नखाऐवजी बोटाला लागतं, रक्त येतं, हळदीची चिमूट दाबली जाते, हळदीचा हात सोफ्याला लागतो आणि घरात पुढची चर्चा सोफ्यावर होते. मधुमेह असेल तर गोष्ट आणखी पुढे जाते, कारण पायाच्या संवेदना कमी झालेल्या असल्या तर कापल्याचंच कळत नाही, आणि लहानशी जखम बघता बघता चिघळते. तेव्हा हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. फक्त तो मान्य केल्यावर प्रश्न सुटत नाही, पुढच्या पिढीकडे सरकतो. ज्याचा हात पोचत नाही त्याने पाहिलं नाही, हे समजलं. ज्यांचे हात पोचतात ते काय पाहत होते?

कारण त्यांचे हात पोचतात, हे सिद्ध करायला वेगळ्या पुराव्याची गरज नाही. वडीलधाऱ्यांच्या पायांना एवढा नियमित हात लावणारा आपल्यासारखा समाज शोधून सापडायचा नाही. दिवाळीला पाया पडतो, दसऱ्याला सोनं देऊन पडतो, परीक्षेला जाताना, निकाल लागल्यावर, नोकरी लागल्यावर, गाडी घेतल्यावर आणि कर्ज मंजूर झाल्यावर पडतो. लग्नात तर नवरा-नवरीला एका संध्याकाळी इतक्या पायांपर्यंत वाकावं लागतं की त्या दोघांकडे नखांच्या सर्वेक्षणाचं काम सहज सोपवता येईल. त्या क्षणी भक्ताचे डोळे आणि वडिलांचा अंगठा यांच्यात वीतभर अंतर असतं. एवढ्या जवळून तर त्वचारोगतज्ज्ञही पाहत नाहीत. तरी शिंग दिसत नाही, कारण पाया पडताना आपले डोळे मिटलेले असतात किंवा फोटोवाल्याकडे असतात. आशीर्वाद वरून येतो अशी समजूत असल्यामुळे खाली काय चाललं आहे, याची चौकशी करायची पद्धत नाही. मुलगा बाबांच्या मोबाइलचं रिचार्ज संपायच्या आत भरतो, सून साखरेचा आकडा पाठ ठेवते, नातू त्यांना व्हिडिओ कॉल शिकवतो. आणि व्हिडिओ कॉलमध्ये पाय येत नाहीत. परदेशातल्या मुलांना बाबा छातीपर्यंत अगदी ठणठणीत दिसतात.

“मी काढतो बाबा तुमची नखं,” असं म्हणणारा एखादा निघतोच, हे मान्य करायला हवं. पण त्याला उत्तर मिळतं, “अजून एवढी वेळ नाही आली माझ्यावर.” वडिलांच्या पायावर डोकं ठेवणं हा संस्कार आणि पाय मांडीवर घेणं हा संकोच, अशी आपली विभागणी आहे, आणि ती दोन्ही पक्षांनी सह्या करून पाळलेली आहे. पूर्वी हा पेच नव्हता. न्हाव्याच्या धोकटीत वस्तऱ्याशेजारी नराणी असायची आणि दाढीबरोबर हातापायांची नखंही निघायची. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं आणि देवांचे वार सांभाळायचं कामही न्हावीच करायचा. नराणी गेली आणि तिच्या जागी पेडिक्युअर आला. तो आजोबांना परवडला तरी पटत नाही. “नखं काढायचे एवढे पैसे? एवढ्यात आमच्या वेळी मुंज व्हायची.” मग नखाला मोकळं रान मिळतं आणि वाचलेल्या पैशांतून पुढून उघडी सँडल येते.

तेव्हा निकाल असा: जन्मजात किंवा आतल्या आजाराने वाढलेलं नख हा रोग आहे आणि त्याला डॉक्टर हवा, बाकीचं शिंग हे घरातल्या सगळ्यांनी मिळून वाढवलेलं असतं आणि त्याचं श्रेय एकट्या आजोबांना देणं अन्यायाचं आहे. उपायही फार मोठे नाहीत. पाय कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवावेत, पुसून कोरडे करावेत आणि नख सरळ रेषेत कापावं. कोपरे खोल कोरू नयेत, नाहीतर नख मांसात शिरतं. नख जाड झालं असेल, वळलं असेल, किंवा मधुमेह असेल तर ब्लेड, कात्री आणि स्वाभिमान तिन्ही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं. त्यांच्याकडे युरियाचा लेप लावून नख मऊ करायची सोय असते, जाड नखाची कातर असते, घासून पातळ करायचं यंत्र असतं, आणि अगदीच गरज पडली तर नख मुळासकट काढताही येतं. आणि वडीलधाऱ्यांच्या पाया अवश्य पडावं. फक्त डोकं टेकवण्याआधी डोळे उघडे ठेवून एकदा अंगठ्याकडे पाहावं, आणि काही वेडंवाकडं दिसलं तर आशीर्वाद घेऊन झाल्यावर लगेच दवाखान्याची वेळ ठरवावी. वार कुठलाही चालेल.